नोकरी सांभाळून हातकामाचा धंदा: आधी तास मोजा, मग ऑर्डरी घ्या

ज्यांची आठ-नऊ तासांची नोकरी आहे, ती सोडायचा विचार नाही, पण हातात कला आहे आणि चार जणांनी "अगं, हे विकत का नाहीस?" असं विचारून झालंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी ऑफिस सांभाळून खणाच्या कापडाचे पाउच, बटवे आणि पर्स शिवते, त्यामुळे उदाहरणं शिवणकामातली येतील. क्रोशे, मातीचे दागिने, मॅक्रमे किंवा रेझिनचं काम करणाऱ्यांनी आपापले आकडे घालावेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. पूर्णवेळ धंदा करणारा माणूस ऑर्डर आली की वेळ काढतो. आपला वेळ आधीच विकलेला आहे, उरलेले तास मोजके आहेत, म्हणून किती ऑर्डरी घ्यायच्या हे त्या तासांना विचारून ठरवायचं. वस्तू कोणती निवडायची, भाव काय लावायचा, दिवाळीचं बुकिंग कधी बंद करायचं, या सगळ्याचं उत्तर शेवटी तिथेच येतं.

१. नेमणुकीचं पत्र बाहेर काढा

कपाटातली फाइल काढून नेमणुकीचं पत्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. खासगी कंपन्यांच्या पत्रात बहुतेक वेळा "कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करणार नाही" अशा अर्थाचं कलम असतं. तसं असेल तर एचआरला साधा ईमेल करा: अमुक वस्तू बनवते, सुट्टीच्या वेळेत बनवते, कंपनीच्या कामाशी त्याचा संबंध नाही. बहुतेक ठिकाणी याला कोणी हरकत घेत नाही, पण उत्तर लेखीच घ्या. जेवणाच्या सुट्टीत साहेब "हो, हो, करा की" म्हणाले, ही परवानगी नव्हे. साहेब बदलतात.

सरकारी नोकरीत मामला वेगळा आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ लागू होतात, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे नियम. दोन्हीकडे खासगी व्यापारासाठी पूर्वपरवानगी लागते. "मग नवऱ्याच्या नावावर करते" ही पळवाट सगळ्यांना सुचते. पण कुटुंबातल्या कोणी व्यापार सुरू केला तर तेही कार्यालयाला कळवायचं असतं, आणि नावापुरता नवरा पुढे करून रोजचं काम स्वतः करणं तर चौकशीला आमंत्रणच.

ऑफिसचा प्रिंटर, ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल यांचा धंद्याला स्पर्शही नको. कुरिअरची लेबलं बाहेरून छापून घ्या.

२. नोकरीत बसेल अशीच वस्तू निवडा

काही वस्तू बनवायला सोप्या आणि विकायला अवघड असतात, कारण त्यांच्यामागे परवाना असतो. घरगुती साबण आणि लिपबाम ही सौंदर्यप्रसाधनं ठरतात, त्यांच्या उत्पादनाला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. लहान मुलांची खेळणी १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) मानकाच्या सक्तीखाली आली. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, पण ती नोंद आधी करावी लागते. क्रोशेच्या बाहुल्या करणाऱ्या किती तरी जणींना हे ठाऊकच नसतं. खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच. करू नका असं म्हणत नाही, पण पहिल्या वर्षी ऑफिसच्या रजा या फेऱ्यांत घालवायच्या का, याचा विचार करा.

दुसरी कसोटी: काम मध्येच सोडून उठता येतं का? रेझिन एकदा कालवलं की ते तुमच्या मीटिंगसाठी थांबत नाही. कापलेलं कापड चार दिवस तसंच पडून राहिलं तरी बिघडत नाही. नोकरदाराला असं थांबणारं काम मानवतं.

तिसरी कसोटी पार्सलची. बरेच कुरिअरवाले वजनाबरोबर खोक्याचं आकारमानही बघतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायचं. ३० × २० × १० च्या खोक्याचं हे वजन १.२ किलो होतं, मग आत दोनशे ग्रॅमचं तोरण का असेना. सपाट बसणारी, न फुटणारी वस्तू इथेच जिंकते.

सुरुवातीला दोन किंवा तीन प्रकार पुरे. एकाच मापाचा पाउच दहा रंगांत करा, दहा मापांचे दहा प्रकार करू नका. रंग बदलायला फक्त दोरा बदलावा लागतो. माप बदललं की कटिंग, चेन, अस्तर, खोकं आणि भाव हे सगळंच बदलतं.

३. तासांचा हिशेब

एक आठवडा काहीही न विकता फक्त वेळ लिहून काढा. प्रवास, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आईबाबांचे दवाखाने, सगळं. मग बघा खरे मोकळे तास किती राहतात. समजा चार रात्री एकेक तास आणि शनिवारी चार तास मिळाले, तर आठवड्याचे झाले ८ तास. रविवार यात धरू नका. तो धरला की दुसऱ्या महिन्यात चिडचिड सुरू होते आणि तिसऱ्यात घरचे मशीनकडे डोळे वटारून बघू लागतात.

या ८ तासांतले ३ तास शिवणाला मिळतच नाहीत. फोटो, मेसेज, पॅकिंग, कुरिअर, खरेदी, हिशेब हे त्यात जातं. उरले ५ तास, म्हणजे ३०० मिनिटं.

आता घड्याळ लावून एका वेळी दहा पाउच करा, कापड उलगडण्यापासून दोरे कापण्यापर्यंत, आणि लागलेल्या वेळेला दहाने भागा. एकच पाउच करून वेळ मोजू नका, तो आकडा फसवा येतो. साधारण आठ बाय पाच इंचाच्या, अस्तर लावलेल्या चेनच्या पाउचला माझ्यासारख्या बऱ्या हाताला नगामागे २५ मिनिटं लागतात. ऐकणाऱ्याला हे जास्त वाटतं. पण खण कडेने पटकन सुटतो, म्हणून कापायच्या आधी मागून बक्रम (कापडाला ताठपणा देणारं जाड अस्तर) इस्त्रीने चिकटवावं लागतं: ३ मिनिटं. खणाचा पन्हा अरुंद, काठ दोन्ही बाजूंना, आणि काठ पाउचच्या नेमक्या जागी यायला हवा म्हणून कटिंग विचार करून करायचं: ५ मिनिटं. मीटरवर आणलेली चेन कापून रनर ओवायचा, ती बाहेरच्या कापडात आणि अस्तरात एकाच वेळी धरून शिवायची: ५ मिनिटं. बाजू आणि अस्तर: ६. मग उलटवणं, कोपरे काढणं, दोरे कापणं, लेबल, शेवटची इस्त्री: आणखी ६. प्रत्यक्ष मशीन चालतं ते यातल्या निम्म्याहून कमी वेळ.

३०० ला २५ ने भागलं की आठवड्याला १२ पाउच. महिन्याला अठ्ठेचाळीस. हा आकडा मशीनच्या वर कागदावर लिहून चिकटवा. कोणी फोन करून "शंभर हवेत, पंधरा दिवसांत" म्हणालं की त्या कागदाकडे बघून उत्तर द्यायचं.

४. भाव लावणं

नव्या माणसाचा हात इथे सर्वांत आखडतो. आपण "फावल्या वेळात" करतो म्हणून मजुरी धरायचीच नाही, असा एक समज आहे. मजुरी धरली नाही तर तुमचा पगार गिऱ्हाइकाच्या पर्सला अनुदान देत राहतो.

वरच्या पाउचचा हिशेब असा मांडा (आकडे उदाहरणादाखल, तुमच्या गावचे भाव घाला): खण २५ रुपये, अस्तर ८, बक्रम ७, चेन-रनर ६, दोरा आणि लेबल ४. माल झाला ५० चा. पिशवी, कार्ड, टेप मिळून पॅकिंग १०. मजुरी तासाला १२० धरली तर २५ मिनिटांचे ५०. मशीनची सर्व्हिसिंग, वीज, सुया, बाजाराला जायचं भाडं, बिघडलेले नग यांसाठी १५. एकूण १२५.

मजुरीचा दर कुठून आणायचा? ऑफिसच्या पगाराला तासांनी भागून येणारा आकडा इथे उपयोगाचा नाही, त्या भावाने पाउच कोणी घेणार नाही. उद्या हेच काम शेजारच्या एखाद्या शिवणाऱ्या ताईंना दिलं तर त्यांना किती द्यावे लागतील, तो दर धरा. असं केलं की पुढे काम खरंच बाहेर द्यायची वेळ आली तरी भाव वाढवावा लागत नाही.

१२५ वर नफा धरून मोठ्या ऑर्डरीचा भाव १५५, सुट्या नगाचा २२०. दोन्ही भाव पहिल्याच दिवशी ठरवा. नाहीतर पंचवीस नग घेणारी बाई "मग आम्हाला काय कमी?" विचारते आणि तुम्ही तोंडाला येईल तो आकडा सांगून मोकळ्या होता.

"तुळशीबागेत असंच शंभरला मिळतं" हे वाक्य ऐकावं लागणार. मिळतं, खोटं नाही. वाद घालू नका, भावही कमी करू नका. आतलं अस्तर उलगडून दाखवा, चेन दोनदा उघडून-लावून दाखवा. ज्यांना घ्यायचं आहे ते घेतात. आणि कापड पॉवरलूमचं असेल तर "हातमाग" म्हणून विकू नका. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा हातमागाचा खण ओळखणाऱ्या बायका अजून पुष्कळ आहेत, त्या कापड उलटं करून बघतात.

५. बाजार आणि साठा

नोकरदाराची खरी अडचण म्हणजे बाजाराच्या वेळा. मुंबईचं मंगलदास मार्केट रविवारी बंद असतं. तेव्हा शनिवार तरी मोकळा हवा किंवा एखादी रजा त्यासाठी राखावी. एकदा जाऊन दोन-तीन दुकानदारांशी ओळख करून घ्या, पन्हा, रंग, दर वहीत लिहून आणा, आणि पुढची खरेदी व्हॉट्सॲपवर फोटो मागवून करा. पक्कं बिल मागा. नवा रंग आला की आधी तुकडा भिजवून पांढऱ्या कापडावर घासून बघा. लाल आणि गर्द निळा याबाबतीत बेइमान असतात.

दोन महिन्यांत खपेल इतकंच कापड घ्या. "पुन्हा हा रंग मिळणार नाही" या भीतीने भरलेली कपाटं मी पुष्कळ घरांत पाहिली आहेत. ते पैसे तिथे घडी घालून ठेवलेले असतात. पहिल्या वर्षी कर्जही काढू नका. घरात मशीन असेल तर काही हजारांत हा धंदा सुरू होतो, आणि नसेल तर जुनं चांगलं मशीन मिळतं.

६. आठवडा लावून घ्या

रोज रात्री एक पाउच पूर्ण करायची पद्धत सोडा. एका रात्री एकच प्रकारचं काम करा. सोमवारी सगळ्यांना बक्रम चिकटवायचं, मंगळवारी कटिंग, बुधवारी रनर ओवून जुड्या बांधायच्या, गुरुवारी लेबलं आणि हाताचे टाके. मशीनचं लांबलचक काम शनिवारी दिवसा. यात एक शेजारधर्मही आहे: रात्री साडेदहाला मशीन चालवलं की खालच्या मजल्यावर छताला घरघर ऐकू जाते आणि सोसायटीच्या ग्रुपवर तुमचा विषय निघतो. मशीनखाली जाड रबरी मॅट टाका, तरीही रात्री हातकामच बरं.

पसारा ही दुसरी कटकट. वन बीएचकेत वेगळी खोली कुठून येणार? झाकणाचे तीन डबे ठेवा: कापलेलं, अर्धवट शिवलेलं, तयार. उठताना सगळं डब्यात, टाचण्या डबीत. घरात रांगतं मूल असेल तर टाचण्या सोडून चिमटेच वापरा.

घरच्यांशी बोलून घ्या, पण "मला सपोर्ट करा" अशा मोघम भाषेत नको. "मंगळवारी आणि गुरुवारी रात्रीची भांडी तू बघशील का?" असं नेमकं विचारा. सासूबाईंना किंवा आईला हातकामाची आवड असेल तर बटव्यांचे गोंडे त्यांना करायला द्या, आणि त्याचेही पैसे द्या. त्या "घरात कसले पैसे" म्हणतील, तरी द्या. नाहीतर तुमचा खर्चाचा हिशेब खोटा होतो.

७. दोन कॅलेंडरं शेजारी लावा

आपल्याकडचं हातकाम सणांवर चालतं. भाद्रपदातला गणपती, मग नवरात्र, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि सगळ्यांत मोठी लाट म्हणजे संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू. वाण लुटायला एकेक घर पंचवीस ते शंभर नग घेतं. चैत्रातलं हळदीकुंकू त्यामानाने लहान. अध्येमध्ये डोहाळजेवण, बारसं, मुंज यांच्या परतभेटी असतात. दर तीनेक वर्षांनी अधिक महिना येतो आणि जावयाच्या वाणाच्या निमित्ताने तेहतीस-तेहतीस नगांची मागणी येते.

आता याच्या शेजारी ऑफिसचं कॅलेंडर ठेवा. बँकेत किंवा अकाउंट्समध्ये असाल तर मार्च गेलाच. शिक्षक असाल तर परीक्षा आणि पेपर तपासणी. आयटीत असाल तर रिलीजच्या तारखा. दोन्हीकडे एकदम गर्दी असलेले आठवडे लाल करा, त्या आठवड्यांत नवी ऑर्डर घ्यायची नाही.

आपला बाराचा आकडा इथे कामाला येतो. संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला. शंभर पाउचच्या एका ऑर्डरीला आठ आठवड्यांहून जास्त लागतात. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात कटिंग सुरू व्हायला हवं, जेव्हा फराळाचे डबे जेमतेम रिकामे झालेले असतात. आणि अशा दोन ऑर्डरी हव्या असतील तर पाऊस संपता संपता सुरुवात करावी लागेल किंवा मदतीला कोणी शोधावं लागेल. म्हणून संक्रांतीचं बुकिंग ३१ ऑक्टोबरला बंद, असं सप्टेंबरमध्येच जाहीर करा. डिसेंबरच्या शेवटी "अगदी साधे केलेस तरी चालतील" म्हणून फोन येतात. तयार साठ्यातून जे असेल ते द्या, नवीन शिवायला बसू नका.

८. गिऱ्हाईक, मेसेज आणि ऑफिसातली मंडळी

धंद्यासाठी वेगळा नंबर घ्या आणि व्हॉट्सॲप बिझनेस टाका. त्यात ठरावीक वेळेबाहेर आपोआप जाणारा संदेश लावता येतो: "नमस्कार, मी नोकरी करते. रात्री ९ ते १० या वेळेत उत्तर देते." नोकरी लपवू नका, लोक समजून घेतात. भाव, माप, धुण्याची पद्धत, पोहोचायला लागणारे दिवस यांची तयार उत्तरं साठवून ठेवा. दिवसा फोन आला तर उचलू नका. दोनदा उचललात की तिसऱ्यांदा तो भर मीटिंगमध्ये येतो.

सुट्या वस्तूला पूर्ण पैसे आधी, मोठ्या ऑर्डरीला निम्मे आगाऊ आणि बाकीचे माल पाठवण्यापूर्वी. नाव घालून किंवा खास रंगात केलेल्या वस्तूला पूर्ण पैसे आधीच, कारण ती दुसऱ्या कोणाला विकता येत नाही.

पहिली गिऱ्हाइकं ऑफिसातलीच असतात आणि पहिली उधारीही तिथलीच. "अगं, पगार झाला की देते ना" असं रोज समोर बसणाऱ्या बाईला परत आठवण कशी करायची? त्यापेक्षा सगळ्यांना एकच नियम: क्यूआर कोड पाठवायचा, पैसे आले की पिशवी द्यायची, तीही ऑफिस सुटल्यावर गेटबाहेर. टेबलावर पर्स मांडून बसलेला कर्मचारी साहेबांच्या डोळ्यांवर येतो, मग त्याचं काम कितीही चोख असो. हाताखालच्या लोकांना तर विकूच नका. त्यांना नाही म्हणणं जड जातं.

पार्सलसाठी स्पीड पोस्ट आणि खासगी कुरिअर, दोन्हीचे दर वजनानुसार लिहून ठेवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा जुना सल्ला कोणी दिला तर तो आता लागू नाही. पाठवण्याचा दिवस आठवड्यातून एकच ठेवा आणि तो आधीच सांगा.

९. प्रदर्शनाचा मोह

दिवाळीआधी गावोगावी ग्राहक पेठा आणि प्रदर्शनं भरतात. स्टॉलचं भाडं ऐकलं की आधी कागद घ्या. समजा दोन दिवसांचे ६००० रुपये. २२० च्या पाउचमागे १२५ वजा जाता राहतात ९५. म्हणजे नुसतं भाडं निघायला ६४ पाउच विकायला हवेत, आणि तुमच्या वेगाने ते पाच आठवड्यांहून जास्त काम आहे. त्यात जाण्या-येण्याचा टेम्पो, जेवण आणि एक रजा. पहिल्या वर्षी मैत्रिणीबरोबर अर्धा स्टॉल घ्या, तिची वस्तू वेगळी असली की झालं. भाव विचारून गेलेल्यांची वही ठेवा. पुढच्या संक्रांतीच्या ऑर्डरी बऱ्याचदा त्या वहीतून निघतात, आणि माझ्या मते प्रदर्शनाची खरी कमाई तीच.

रजा मात्र आधी मंजूर करून घ्या. आजारपणाची रजा टाकून स्टॉलवरचा हसरा फोटो स्टेटसला ठेवणारे लोक असतात, म्हणून सांगते.

१०. कागदपत्रं आणि कर

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ नुसार एकटीने धंदा करणाऱ्याला फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. लोक अजून तिला गुमास्ताच म्हणतात. बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं उघडताना हे दोन्ही कागद उपयोगी पडतात. अगदी सुरुवातीला निदान वेगळं बचत खातं तरी ठेवा, पगाराच्या खात्यात पाउचचे पैसे मिसळू नका.

जीएसटी: महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, आणि पगार यात धरत नाहीत. पण राज्याबाहेर विक्री केली की एरवी पहिल्या पार्सलपासून नोंदणी सक्तीची होते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात २० लाखांपर्यंत सवलत आहे. पर्स आणि पाउच त्या यादीत आहेत, मात्र वस्तू प्रामुख्याने हाताने घडवलेली असावी लागते आणि राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला रक्कम कितीही लहान असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) काढावं लागतं. साधा मशीनवर शिवलेला पाउच या व्याख्येत बसतो का, हे सीएला विचारूनच बेळगाव किंवा बडोद्याला पार्सल पाठवा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही विकता येतं, पण राज्याच्या आतच, आणि त्याआधी जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आयकराचं विवरणपत्र बदलतं. नुसत्या पगाराला चालणारं "सहज" आता चालत नाही. छोट्या धंद्यांना अंदाजित उत्पन्नाची योजना आहे, १९६१ च्या कायद्यात ती कलम ४४एडी म्हणून ओळखली जायची: डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के रक्कम नफा म्हणून दाखवायची, किंवा खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो. तपशीलवार हिशेबवह्यांची सक्ती मग राहत नाही. हे "सुगम" नावाच्या विवरणपत्रात बसतं.

एक खाच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नुसता पगार असणाऱ्याला जुनी आणि नवी करप्रणाली दरवर्षी बदलता येते. धंद्याचं उत्पन्न आलं की ती मुभा संपते: नवी सोडून जुनी घेतली तर परत नवीत यायची संधी एकदाच. गृहकर्ज, विमा यांच्या वजावटींमुळे तुम्ही जुन्या प्रणालीत असाल तर पहिली विक्री दाखवायच्या आधी सीएकडे एक फेरी माराच. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकरकमी भरायचा असतो.

११. काम बाहेर देणं

बाराच्या आकड्यावर मागणी सलग काही महिने जात राहिली, एका सणापुरती नव्हे, तरच मदतनीस शोधा. कटिंग स्वतः करा, बक्रम लावलेले भाग, अस्तर आणि रनर ओवलेली चेन अशा दहा-दहाच्या जुड्या बांधून द्या, मजुरी नगावर ठरवा. नमुन्याचा एक पाउच त्यांच्याकडे कायमचा ठेवा. पैसे माल हातात येईल त्याच दिवशी द्यायचे. रंगांची जोडी लावणं आणि शेवटची तपासणी मात्र कोणाला देऊ नका, गिऱ्हाईक पैसे त्याचे देतं. असं केलं की तुमच्या ३०० मिनिटांत बाराऐवजी पंचवीस-तीस पाउच सहज बाहेर पडतात.

१२. "मग नोकरी सोडू का?"

दिवाळीचा गल्ला मोजून हा प्रश्न विचारू नका. पितृपक्षातली आणि भर पावसाळ्यातली विक्री बघा. त्या मंद महिन्यांत, मजुरी आणि माल वजा जाऊन, घराचा खर्च निघतो का? सलग दोन वर्षं निघत असेल तर बोलण्यासारखं आहे. पगाराबरोबर जाणाऱ्या गोष्टीही त्याच कागदावर लिहा: कंपनीने भरलेला पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी (साधारणपणे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होते, तेव्हा साडेचार वर्षांवर राजीनामा देण्याआधी तारीख बघा), पगारी रजा, आणि कंपनीचा आरोग्य विमा. विम्याचं नोकरीत असतानाच बघा. स्वतःच्या नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो, आणि तो काळ पगार चालू असताना सरलेला बरा.